मुतखड्यावरील उपचार : खर्चाचा हिशोब कसा करावा?

सोनोग्राफीत मुतखडा दिसला की रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, ऑपरेशनला किती खर्च येईल?’ त्याऐवजी ‘खडा पूर्ण निघेपर्यंत एकूण किती खर्च येईल?’ असे विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा वेगळी असतात.

लहान खडा

५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा लघवीवाटे पडून जातात. वेदनाशामक गोळ्या, भरपूर पाणी आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, एवढाच खर्च. ही शेवटची तपासणी मात्र टाळू नका. दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नाही. अडकलेला खडा न दुखताही किडनी निकामी करू शकतो. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मोठा खडा

• लिथोट्रिप्सी : शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडतात. चिरफाड नसते, अनेकदा त्याच दिवशी घरी जाता येते. पण खडा कठीण असल्यास दोन-तीन सिटिंग लागू शकतात.
• यूआरएस : लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून मूत्रवाहिनीतला खडा काढतात.
• आरआयआरएस : लवचिक दुर्बीण आणि लेसरने किडनीतला खडा फोडतात. ही दुर्बीण महाग आणि नाजूक असल्याने खर्च वाढतो.
• पीसीएनएल : पाठीत लहान छिद्र पाडून, साधारणपणे २ सेंमीपेक्षा मोठे खडे काढतात. काही दिवस दाखल राहावे लागते, पण मोठा खडा बहुधा एकाच वेळी निघतो.

कोणती पद्धत योग्य, हे खड्याचा आकार, जागा आणि कठीणपणा यांवर ठरते.

हेही विचारा

• दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा आत डीजे स्टेंट ठेवतात. तो काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का? स्टेंट काढण्याची तारीख लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडे साचतात आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.
• रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का?
• विमा असल्यास मुतखड्यासाठीचा प्रतीक्षा कालावधी संपला आहे का? अनेक पॉलिसींमध्ये तो दोन वर्षांचा असतो.

पुन्हा खर्च नको असेल तर

मुतखडा पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, मीठ कमी करा आणि निघालेला खडा तपासून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.