अहवालातील अर्धा आलेख

वर्गात एखादा विद्यार्थी "हे खरे कशावरून?" असे विचारतो, तेव्हा आपण बहुधा सांगणाऱ्याकडे बोट दाखवतो. अमक्या मोठ्या शास्त्रज्ञाने म्हटले आहे, तमक्या संस्थेच्या अहवालात छापले आहे, असे सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. १९८९ साली वॉशिंग्टन येथे प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अहवालाला ही कसोटी लावली असती, तर तो सहज उत्तीर्ण झाला असता.

'जागतिक तापमानवाढ : विज्ञान काय सांगते?' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. प्रकाशक जॉर्ज सी. मार्शल इन्स्टिट्यूट. सरकारने कोणते धोरण स्वीकारावे याबद्दल अभ्यास करून मत मांडणाऱ्या संस्थांना 'थिंक टँक' म्हणतात, त्यांपैकी ही एक. लेखक तीन. फ्रेडरिक साइट्झ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. घनपदार्थांच्या भौतिकीत 'विग्नर-साइट्झ पेशी' शिकवतात, तेच हे साइट्झ. विल्यम निरेनबर्ग हे स्क्रिप्स या नामवंत समुद्रविज्ञान संस्थेचे वीस वर्षे संचालक होते. रॉबर्ट जॅस्ट्रो यांनी 'नासा'ची न्यूयॉर्कमधील गोडार्ड अवकाश अभ्यास संस्था स्थापन केली होती. यांपैकी कोणाच्याही विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते.

मार्शल इन्स्टिट्यूटचा जन्म मात्र हवामानासाठी झाला नव्हता. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच नष्ट करण्याची योजना जाहीर केली. वृत्तपत्रांनी तिला 'स्टार वॉर्स' म्हटले. हे जमणारे नाही, उलट त्यातून शस्त्रस्पर्धा वाढेल, असे असंख्य भौतिकशास्त्रज्ञांचे मत पडले. हजारोंनी या योजनेचा पैसा घेणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. जॅस्ट्रो, साइट्झ आणि निरेनबर्ग विरुद्ध बाजूला उभे राहिले. सोव्हिएत रशियापुढे अमेरिका दुबळी पडेल ही त्यांची भीती खरी होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. १९८४ मध्ये योजनेच्या समर्थनासाठी त्यांनी ही संस्था काढली.

पुढे शीतयुद्ध ओसरू लागले. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, की पृथ्वी तापत आहे याची आपल्याला ९९ टक्के खात्री वाटते. गंमत अशी, की हॅन्सन त्या वेळी जॅस्ट्रो यांनी स्थापन केलेल्या गोडार्ड संस्थेचेच प्रमुख होते. साक्षीला खूप प्रसिद्धी मिळाली. कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर सरकारला उद्योगांवर बंधने घालावी लागणार, हे उघड होते. आणि सरकारी बंधने म्हणजे समाजवादाकडे पाऊल, अशी या तिघांची धारणा होती.

अहवालाचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. विसाव्या शतकातील तापमानवाढीचा मोठा भाग १९४० पूर्वीचा आहे. कार्बन डायऑक्साइड मात्र मुख्यतः १९४० नंतर हवेत गेला. मग दोष वायूला कसा द्यायचा? खरे कारण सूर्य, असे लेखकांनी सुचवले. सूर्याचे तेज पुढे मंदावेल आणि एकविसाव्या शतकात पृथ्वी थंड होण्याकडे कल राहील, असेही भाकीत केले. व्हाइट हाउसमध्ये या अहवालाची दखल घेतली गेली.

पुराव्यादाखल दिलेला आलेख हॅन्सन आणि सहकाऱ्यांच्याच लेखातला होता. तो लेख १९८१ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात आला होता. मूळ आकृतीत एकाखाली एक असे तीन टप्पे आहेत. पहिल्यात केवळ कार्बन डायऑक्साइड धरून काढलेले तापमान आणि प्रत्यक्ष मोजलेले तापमान. दोन्ही रेषा फारशा जुळत नाहीत. दुसऱ्यात ज्वालामुखींच्या धुळीचा परिणाम मिळवला आहे, तिसऱ्यात सूर्याचाही. मग रेषा बऱ्याच जवळ येतात. मार्शल इन्स्टिट्यूटने वाचकाला फक्त पहिला टप्पा दाखवला. आकडा खोटा नव्हता, रेषा बदललेली नव्हती. आकृती तेवढी कापली होती. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे या विज्ञानाच्या इतिहासकारांनी २०१० मधील 'मर्चंट्स ऑफ डाउट' या पुस्तकात हा प्रकार सविस्तर मांडला आहे.

अशा संस्थेबद्दल "हिला पैसा कोण पुरवतो?" हा प्रश्न आपण प्रथम विचारतो, आणि तो विचारावाच. पण इथे तो पुरा पडत नाही. सुरुवातीला ही संस्था कंपन्यांचा पैसा घेत नसे. उजव्या विचारांची खाजगी प्रतिष्ठाने तिला देणग्या देत. एक्सॉनसारख्या तेलकंपनीचे साहाय्य नंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. म्हणजे १९८९ च्या अहवालामागे तेलाचा पैसा शोधत बसलो असतो, तर हाती काही लागले नसते आणि आपण निर्धास्त झालो असतो. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. साइट्झ १९७९ पासून आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे सल्लागार होते आणि तिचा पैसा वैद्यकीय संशोधनाला वाटून देत होते. त्यातली मदत मिळालेले स्टॅन्ले प्रुसिनर यांना प्रायॉनच्या शोधाबद्दल १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पैसा तंबाखूचा म्हणून प्रायॉन खोटे ठरत नाहीत.

राजकीय कलाचेही तसेच. शीतयुद्धातली कट्टर भूमिका हे संशय घेण्यास पुरेसे कारण आहे, निकाल देण्यास नाही. कल असलेल्या माणसाचे गणित बरोबर असू शकते. आपल्याकडे तर "आधी तो कोणाचा माणूस ते सांगा" म्हणून चर्चा तिथेच संपवण्याची सवय फार. या अहवालाचे पितळ उघडे पडले ते मूळ लेख शेजारी ठेवल्यावर.

युक्तिवादातही भोक होते. सूर्याच्या तेजातील बदल अत्यल्प असतात. अकरा वर्षांच्या डागचक्रात ते सुमारे ०.१ टक्का इतकेच बदलते. एवढ्याशा बदलाने पृथ्वीचे तापमान जाणवण्याइतके वाढत असेल, तर हवामान फारच संवेदनशील म्हणावे लागेल. मग कार्बन डायऑक्साइडलाही ते तितक्याच जोराने दाद देईल! भौतिकीच्या तीन दिग्गजांच्या हे ध्यानात आले नसेल, यावर विश्वास ठेवणे मला जड जाते.

भाकिताचा निकाल काळाने लावला. २००८ ते २०१९ हे डागचक्र जवळपास शंभर वर्षांतले सर्वांत दुबळे ठरले. सूर्य खरोखर मंदावला, पण तापमान चढतच राहिले. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष होते. मार्शल इन्स्टिट्यूट २०१५ मध्ये बंद झाली. तिच्यातून निघालेली 'सीओटू कोअलिशन' ही संस्था कार्बन डायऑक्साइडचे फायदे सांगत असते.

नववी-दहावीच्या वर्गात १९८१ ची ती आकृती फळ्यावर काढून पाहावी. आधी फक्त पहिला टप्पा काढून निष्कर्ष विचारावा. बरीच मुले मार्शल इन्स्टिट्यूटचेच उत्तर देतील. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे आणि मग उरलेले दोन टप्पे काढावेत.