स्वदेशी कॅमेरा आणि विलायती कॅमेरा

मीरा-भाईंदरच्या हद्दींत, काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या रस्त्यानें जातांना, दूरचित्रवाणीच्या मालिकांचे स्टुडिओ लागतात. तेथील देखाव्यापुढें उभा असलेला धंदेवाईक कॅमेरा आणि त्याच शहरांत लग्नमुंजीचीं चित्रें घेणाऱ्या तरुणाच्या हातांतील स्वस्त कॅमेरा यांच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर असतें. तथापि चित्राच्या रेखीवपणाचा आंकडा, आडवे १९२० व उभे १०८० बिंदु, दोघांचाहि एकच असूं शकतो. मग अधिक पैसे मोजून अधिक तें काय मिळतें? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं कोल्हापुरांतील दोन चित्रकारांपुढें तो उभा राहिला होता, आणि महाग कॅमेरा विकत घेण्याची वाट त्यांना मोकळीच नव्हती.

मराठी माणसाच्या हातीं चलच्चित्राचा कॅमेरा प्रथम आला तो विलायतेहून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईचे छायाचित्रकार. त्यांनीं २१ गिनी मोजून रायली बंधूंचा कॅमेरा मागविला व १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें झालेली कुस्ती त्यावर टिपली. परंतु फिल्म धुण्यासाठीं ती पुन्हां इंग्लंडलाच धाडावी लागली. पुढें १९१२ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडन गांठलें आणि ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणला. वाटाण्याच्या रोपाचें वाढणें टिपून त्यांनीं प्रथम त्या यंत्राची परीक्षा पाहिली, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. फाळक्यांना ती रक्कम जड गेली खरी, परंतु धंद्याच्या दृष्टीनें विल्यमसन हा साध्यांतलाच कॅमेरा: लाकडी पेटी आणि हातानें फिरवायची मूठ. त्याच सुमारास शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीनें सर्वस्वी धातूचा कॅमेरा बाजारांत आणला होता, आणि त्याची किंमत कित्येक पटींनीं अधिक होती.

या दोहोंतील भेद समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. फिल्मवरील एकेक चित्र सुमारें एक इंच रुंद असतें. मूकपटांच्या काळीं सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें घेत. त्यासाठीं मूठ सेकंदाला दोनदां फिरवावी लागे. कॅमेऱ्यांत फिल्म सलग धांवत नाहीं. आंतील आंकडा कडेच्या छिद्रांत शिरतो, फिल्म एक घर खालीं ओढतो व सोडतो, आणि त्या निमिषमात्र विश्रांतींत चित्र उमटतें. सोळा फूट रुंदीच्या पडद्यावर तेंच चित्र जवळजवळ दोनशें पट मोठें होतें. म्हणजे फिल्म आपल्या जागेपासून इंचाच्या हजाराव्या भागाइतकी जरी सरकली, तरी पडद्यावर तें एक पंचमांश इंचाचें थरथरणें होऊन बसतें. बेल अँड हॉवेलमध्यें चित्र उमटतांना फिल्मचीं छिद्रें अचल खिळ्यांवर बसत, त्यामुळें शंभरावें चित्र पहिल्याच्या नेमक्या जागीं पडे. भिंग कितीहि उत्तम असो, फिल्म हलली कीं त्याचें तेज फुकट जातें. महाग यंत्राचा दाम हा मुख्यतः या स्थैर्याचा दाम होता.

आतां कोल्हापुराकडे वळूं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांचा जन्म १८९० चा. ते आणि त्यांचे आप्त आनंदराव पेंटर हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. चित्रपटाचें वेड लागल्यावर त्यांनीं मुंबईच्या चोरबाजारांतून एक जुना प्रोजेक्टर पैदा केला. प्रोजेक्टर व कॅमेरा हीं एका परीनें सख्खीं भावंडेंच. एकांत प्रकाश आंत येतो, दुसऱ्यांतून बाहेर जातो, परंतु फिल्म थांबत थांबत पुढें नेण्याची युक्ति दोहोंतहि लागते. ती युक्ति उलगडून आपला कॅमेरा आपणच घडवावा असा त्यांनीं निश्चय केला. काम चालूं असतांनाच १९१६ मध्यें आनंदरावांचा मृत्यु झाला. यंत्राचा जाणकार गेला, आणि मागें राहिलेल्या कुंचल्याच्या माणसानें आतां तो नाद सोडला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांना हाताशीं धरलें आणि १९१८ मध्यें कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनीं भांडवल पुरविलें व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

त्या घरगुती यंत्रावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारींत पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला कीं प्रेक्षक घाबरले व पुढें तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरविलें. हा परिणाम निव्वळ कॅमेऱ्याचा खचित नव्हे. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे; लाल शालू पडद्यावर काळा होई आणि निळें आकाश पांढरें फटक पडे. कोणता रंग कोणत्या छटेंत उतरेल हें ओळखणें चित्रकाराच्या डोळ्याचें काम, आणि तो डोळा बाबूरावांपाशीं होता. पुढें १९२३ च्या ‘सिंहगड’ मध्यें त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचाहि उपयोग केला.

मात्र भाबडेपणाहि नको. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाहीं; तेव्हां तें चित्र किती स्थिर होतें याचा निवाडा डोळ्यांनीं करतां येत नाहीं. कोल्हापुरच्या कॅमेऱ्यानें बेल अँड हॉवेलची बरोबरी केली असें म्हणणें हा अभिमान झाला, इतिहास नव्हे. त्यानें एवढेंच दाखविलें कीं चित्र पाहण्याजोगें होण्यास जितकें स्थैर्य हवें तितकें हातानेंहि साधतां येतें, आणि त्यापुढचें काम प्रकाशाचें व दृष्टीचें असतें.

अलीकडच्या यंत्रांतहि हीच गोष्ट निराळ्या वेषांत दिसते. २००७ मध्यें निघालेला रेड वन कॅमेरा चार हजारांवर आडवे बिंदु टिपी. जर्मनीच्या ॲरी कंपनीचा २०१० चा ॲलेक्सा तीन हजारांच्याहि आंतच राही. तरीहि पुष्कळ छायालेखकांनीं ॲलेक्साच पसंत केला, कारण भर उन्हांतील अंगण आणि काळोखी ओसरी तो एकाच चित्रांत सामावून घेई. स्वस्त कॅमेरा अशा ठिकाणीं अंगण तरी जाळतो किंवा ओसरी तरी बुडवितो. शिवाय त्यांतील चित्र ओळीओळीनें वाचलें जात असल्यामुळें वेगानें सरकणारी लोकल गाडी तिरपी दिसते. पेटीवरच्या आंकड्यांत यांतलें कांहींच लिहिलेलें नसतें.

आणि एक विचित्र गोष्ट अशी कीं भरंवशाच्या यंत्राची निकड ज्याला अधिक, त्याच्याच खिशाला तें परवडत नाहीं. मालिकेंतील लग्न बिघडलें तर घटकेनें पुन्हां लावतां येतें. भाईंदरच्या मंडपांतील अंतरपाट एकदांच दूर होतो; म्हणून तेथील चित्रकार एकाऐवजीं दोन कॅमेरे मांडून उभा राहतो.