स्केल मॉडेल: घरी स्प्रे, ऑनलाइन किट

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणातली प्रतिकृती. 1:72 प्रमाणातले 'मिग-21' विमान जेमतेम वीतभर असते. सुटे भाग जोडण्यापेक्षा रंगकाम कठीण, त्यात छत्रपती संभाजीनगरचे हवामान. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत एअरब्रशमधून उडालेला रंग मॉडेलवर पडण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा सकाळी लवकर, रंगात रिटार्डर घालून काम करावे. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेने लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते.

लॅकरच्या थिनरची वाफ कापडी किंवा धुळीच्या मास्कने अडत नाही. रासायनिक वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. बंद खोलीत किंवा शेगडीजवळ फवारणी नकोच. फ्लॅटमध्ये पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बरे. मास्क मात्र तिथेही हवा, कारण बारीक तुषार फुप्फुसात जातातच.

तामिया (जपान), रेव्हेल (जर्मनी) यांची किट भारतात महाग का? आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले; स्केल मॉडेलही खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. स्वतः परदेशातून मागवले तरी सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचा आकार धरूनच किमतीची तुलना करावी. ज्वलनशील रंग विमानाने पाठवण्यावर कडक निर्बंध असतात, म्हणून ते देशातच घ्यावेत.