कोड उघडा, कारण बंद: डेबियनच्या दोन ओळींची गोष्ट

नागपूरचा झिरो माईलचा दगड तुम्ही पाहिला असेलच. चार घोडे, मधे खांब, आणि आसपासच्या गावांची कोरलेली अंतरं. तिथल्या नोंदीत 'जी.टी.एस. स्टँडर्ड बेंचमार्क' आणि १९०७ हे साल आहे. बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजताना धरायची पक्की खूण. पण गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: हा भारताचा मध्यबिंदू. खूण टिकली, आकडाही टिकला. ती कशासाठी होती, ते मात्र लोकांच्या बोलण्यातून निघून गेलं.

सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये असं झालं तर काय होतं? संशोधनाचा विषय शोधणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला वाटतं.

ओपनएसएसएल ही ओपन सोर्स लायब्ररी. वेबसाइटचं कुलूप (https) आणि गुप्त किल्ल्या बनवण्याचं काम जगभरातले असंख्य सर्व्हर तिच्याकडून करून घेतात. किल्ली सुरक्षित राहायची तर ती बनवताना वापरलेला आकडा कुणाला ओळखता येता कामा नये. म्हणून ही लायब्ररी इकडून तिकडून यादृच्छिक माहिती गोळा करून एका साठ्यात कालवते.

२००६ साली डेबियन लिनक्समध्ये ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या स्वयंसेवकासमोर एक अडचण आली. व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं साधन इशारे देत होतं की इथे किंमत न भरलेली मेमरी वाचली जातेय. इशाऱ्यांचा माग काढल्यावर दोन ओळी सापडल्या. दिसायला दोन्ही अगदी सारख्या, पण दोन वेगळ्या फंक्शनमध्ये.

आता नीट बघा. त्यातली एक ओळ काढली असती तर फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र सगळ्या व्यवस्थेचा कणा होती, कारण गोळा केलेली माहिती साठ्यात टाकण्याचं कामच ती करत होती. कोडमध्ये काय लिहिलं होतं? बिनमहत्त्वाच्या ओळीजवळ एवढंच, की प्युरिफाय (व्हॅलग्राइंडसारखंच दुसरं साधन) तक्रार करतं. महत्त्वाच्या ओळीजवळ 'हिला हात लावू नका, कारण अमुक' असं काहीच नव्हतं.

त्या स्वयंसेवकाने आपल्या मनाने परस्पर काही केलं नाही. त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना जाहीरपणे विचारलं. डीबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. मग दोन्ही ओळी निघाल्या.

परिणाम असा झाला की किल्ली बनवताना बदलणारी गोष्ट जवळपास एकच उरली: प्रोसेसचा क्रमांक. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या एका संगणक-रचनेवर जेमतेम ३२ हजारांच्या घरात. एवढ्या तर साधा संगणकही आधीच बनवून ठेवेल! डेबियनवर आधारलेलं उबुंटूही यात सापडलं. लुचियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर सूचना काढली. दीड वर्षाहून जास्त काळ कोड सगळ्यांसमोर उघडा होता. सॉफ्टवेअर अपडेट करूनही भागलं नाही. त्या काळात बनलेली प्रत्येक किल्ली शोधून बदलावी लागली.

यावर 'तो माणूस निष्काळजी होता' म्हणणं सोपं आहे. पण मग आपण काहीच शिकलो नाही. कोड उघडा असला तरी त्यामागचं कारण बंद राहू शकतं, हा यातला खरा धडा.

अर्थात, लिहिलं म्हणजे काम झालं, असंही नाही. २०१२ साली टेक्सास (ऑस्टिन) आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कर्ल या लायब्ररीचं उदाहरण आहे. तिच्यात सर्व्हरचं नाव तपासण्याची एक सेटिंग आहे. पूर्ण तपासणीसाठी तेव्हा तिथे २ द्यावं लागायचं. ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंही होतं. पण सेटिंगचं नाव असं, की प्रोग्रामर सहज 'ट्रू' लिहून जायचा. 'ट्रू' म्हणजे १, आणि १ दिलं की नाव जुळतं का हे तपासलंच जायचं नाही. अ‍ॅमेझॉनच्या पेमेंट लायब्ररीतसुद्धा हीच चूक सापडली. त्यानंतर कर्लने १ नाकारायला सुरुवात केली. म्हणजे काही वेळा चांगल्या डॉक्युमेंटेशनची जागा मॅन्युअलमध्ये नसते, ती नावात आणि एरर मेसेजमध्ये असते.

आपल्याकडे सर्ट-इनच्या मार्गदर्शक सूचनांमुळे सध्या सॉफ्टवेअरच्या घटकसूचीची (एसबीओएम) चर्चा आहे. ती हवीच. पण सूची सांगते की आत काय आहे. ते तसं का आहे, आणि काढलं तर काय मोडेल, हे ती सांगत नाही.

तुमच्यासाठी संशोधनाची जागा इथेच आहे. व्हीएनआयटीत असा की विद्यापीठाशी संलग्न एखाद्या छोट्या कॉलेजात, या कामाला महागडी लॅब लागत नाही. एक सुरक्षा लायब्ररी निवडा. तिचं एकच महत्त्वाचं फंक्शन घ्या. गिटमधला त्याचा सगळा इतिहास काढा आणि प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारा. कारण लिहिलंय का? ते कोडजवळ आहे की दुसरीकडेच कुठेतरी? आणि नवखा माणूस चुकत असेल, तर ते त्याला वेळेत अडवेल का?

उत्तरं तक्त्यात मांडा. वीस-पंचवीस बदल झाले की नमुने दिसायला लागतात, आणि तुमचा संशोधन-प्रश्न त्यातूनच निघतो. सापडलेलं कारण त्या प्रकल्पाला लिहून पाठवायला मात्र विसरू नका. त्या ओळीला पुढे हात लावणाऱ्याला ते तिथेच सापडायला हवं.