एक्झॉस्ट पाइपचे उष्णता-नियंत्रण

मोटारीच्या इंजिनातील जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची धग शेजारच्या वायरी, रबरी होज, इंधनाची टाकी आणि गाडीचा तळ यांना लागू नये म्हणून केलेली योजना. पूर्ण भारावरील पेट्रोल इंजिनाचा वायू ८००–९०० अंश से. पर्यंत तापतो, डिझेलचा त्याहून कमी. सर्वांत तप्त भाग इंजिनाला लागून असलेला मॅनिफोल्ड. तिथून सायलेन्सरकडे तापमान उतरत जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र अपवाद, कारण त्याच्या आतच उष्णता निर्माण होते. एखादा स्पार्क प्लग चुकू लागला की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळते आणि त्याचे कवच लालबुंद होऊ शकते.

तप्त नळीची धग बरीचशी प्रारणाने पसरते. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की प्रारण सोळापट होते. त्यामुळे मुख्य उपाय म्हणजे हीट शील्ड : नळीपासून थोडे अंतर राखून बसवलेला पातळ पत्रा. चकचकीत ॲल्युमिनियम बहुतेक अवरक्त किरण परतवते आणि मधल्या फटीतून वाहणारी हवा उरलेली उष्णता नेते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळत असल्याने टर्बोजवळ पोलादी पत्रा वापरतात. मॅक्लारेन एफ१ या १९९२ सालच्या गाडीत इंजिनकक्षाला सोन्याचा वर्ख लावला होता. अवरक्त किरण परतवण्यात सोने उत्तम.

शर्यतीच्या गाड्यांत नळ्यांना काचतंतूंची किंवा बेसाल्टतंतूंची पट्टी गुंडाळतात, नाहीतर सिरॅमिकचा लेप देतात. पट्टी स्वस्त, पण ती उष्णता नळीतच कोंडते. धातू अधिक तापून तडकू शकतो आणि पट्टीत मुरलेल्या पाण्याने साध्या पोलादाची नळी गंजते. रोजच्या गाडीला लेपच बरा.

शील्डचे बोल्ट गंजले की पत्रा खडखडू लागतो. मग गॅरेजमध्ये तो पत्राच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. मोठा वॉशर घालून किंवा स्टीलच्या क्लॅम्पने पत्रा पुन्हा आवळता येतो, आणि खर्चही किरकोळ असतो. शील्डविना वरचे कार्पेट करपते, जवळच्या वायरींचे वेष्टन ठिसूळ होते. शील्ड शाबूत असली तरी लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. कन्व्हर्टरला टेकलेले गवत पेट घेते. डिझेल गाडीचा फिल्टर साचलेली काजळी जाळत असताना हा धोका अधिक, कारण तेव्हा फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापलेला असतो.