'डबीर', 'सुमंत' आणि 'वकील' : करवीरच्या परराष्ट्रखात्याची शब्दकथा

बखरवाङ्मय शिकवताना 'वकील' हा शब्द आला, की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर न्यायालयातला काळा डगला उभा राहतो. १६५९ साली अफजलखानाकडे गेलेले पंताजी गोपीनाथ हे 'वकील' म्हणजे राजदूत होते, हे निराळे सांगावे लागते. शब्दाचा हा अर्थ मागे का पडला, याचे उत्तर कोशात शोधण्यापेक्षा करवीरच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

१६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर मराठी राज्याने आपली खाती नव्याने बांधली. फारसी 'डबीर' या पदाला 'सुमंत' हे संस्कृत नाव मिळाले. त्या पदावर रामचंद्र त्रिंबक होते. अष्टप्रधानांचा म्हणून ओळखला जाणारा कानूनजाबता सुमंताची कामे नेमून देतो : परराज्यांविषयी विचार करावा, आलेल्या वकिलांचा सत्कार करावा, युद्धप्रसंगी सोबत जावे. राज्यव्यवहारकोश हा याच प्रयत्नाचा भाषिक भाग. नामांतर ही केवळ भाषाशुद्धी नव्हती. परक्याशी कोणत्या नावाने बोलायचे हे ठरवणे, हाही सार्वभौमत्वाचाच भाग होता.

या विचाराचे पक्व रूप रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळते. करवीरच्या संभाजीराजांच्या काळातील, १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यातील टोपीकरांविषयीचे विवेचन आजही थक्क करते. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. म्हणून त्यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. परराष्ट्रनीती येथे मराठी गद्यात विचार करते.

पुढची शंभर वर्षे मात्र या विचाराच्या उलट गेली. १७३१ च्या वारणेच्या तहाने एका छत्रपतीचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू ठरला. स्वतंत्र वैर करण्याची करवीरची मुभा गेली. १८१२ च्या तहाने इंग्रजांच्या संमतीवाचून युद्ध न करण्याचे आणि अन्य राज्यांशी पडलेले तंटे त्यांच्या लवादाकडे सोपवण्याचे बंधन आले. त्याच तहात मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हाती गेले. समुद्रकाठची जागा देऊ नये, असे ज्या राज्याच्या अमात्यांनी लिहिले, त्याच राज्याला सुमारे शतकभराने ती द्यावी लागली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कारभारही इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला, आणि १८६२ च्या करारात महत्त्वाच्या बाबतीत इंग्रजांचा सल्ला मानणे बंधनकारक झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या कितीतरी आधी त्याचे परराष्ट्रखाते संपले होते.

ज्या राज्याला परक्या दरबारी बोलायचेच उरले नाही, त्याला वकील कोठे पाठवायचा होता? इतर संस्थानांची कथाही फारशी वेगळी नाही. दरबार मिटले आणि वकील न्यायालयात उभा राहिला. हे अर्थांतर एकट्या करवीरमुळे झाले, असा आमचा दावा नाही. पण ते येथे तहागणिक वाचता येते, एवढे खरे.

म्हणूनच आज्ञापत्र केवळ गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवले जाऊ नये. त्याची वाक्ये ठाम आहेत, कारण ती लिहिणाऱ्या राज्याला अजून 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता. शैलीमागचा हा अधिकार विद्यार्थ्यांना दाखवणे, हे आम्हा भाषाशिक्षकांचे काम आहे.