दिसेल तोच थर

वसईच्या पापडीतल्या शिवणकामाच्या गाळ्यात परदेशी कापडाचा तागा उलगडला, की कारागीर आधी त्यावरून तळहात फिरवतो आणि मग कोपरा दुमडून उजेडाकडे धरतो. खाली सुती वीण, वर प्लास्टिकचा पातळ थर. सुई नीट चालेल का आणि घडीवर थर तडकेल का, हे त्याला बघायचं असतं. हाच तागा न्हावा-शेव्याला उतरतो तेव्हा कस्टमलाही जवळपास हेच बघावं लागतं. थर मान्य झाला तर माल टॅरिफच्या ५९व्या चॅप्टरात जातो. नाही झाला तर ५२व्यात, साध्या सुती कापडांच्या रांगेत. शुल्काचा आकडा त्यावर ठरतो.

या निवाड्याचा नियम ५९व्या चॅप्टरच्या दुसऱ्या टिपेत आहे. थर नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि त्यामुळे कापडाचा रंग बदलला असेल तर तो बदल धरायचा नाही. म्हणजे भिंग नको, रसायनं नकोत. दुसरी कसोटी हाताची आहे. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ते कापड ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती हातानं गुंडाळायचं. ते मोडलं तर त्याला ५९०३ या, प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडांच्या हेडिंगमध्ये जागा नाही, सहसा ते प्लास्टिकच्या ३९व्या चॅप्टरात जातं. कापड दोन्ही बाजूंनी प्लास्टिकनं पुरतं झाकलं गेलं असेल आणि थर डोळ्यांना दिसत असेल, तरीही ते प्लास्टिकच. मे महिन्यातल्या दुपारी पापडीत पारा तिशीच्या वर असतो, तेव्हा ही दांडीची परीक्षा घ्यायची तर गार खोलीतच घ्यावी लागेल.

आयातदार, दलाल, अंमलदार अशा कोणालाही हाताशी करून बघता येईल असा हा नियम आहे. जकातीच्या इतिहासात इतकी उघड कसोटी सहज मिळालेली नाही, आणि ज्या आधीच्या कसोट्या होत्या त्यांनी आपल्या मुलखाचं बरंच नुकसान केलं.

वसईला जकात नवी नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हा तहात एक कलम होतं: गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी परवाना वसईत घ्यायचा आणि परतताना जकात इथंच भरायची. पापडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वसईच्या कोटाचं महत्त्व तटबंदीइतकंच या वसुलीतही होतं. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये कोट घेतला, पण तोवर समुद्री व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळू लागला होता.

पुढची खरी लढाई मुंबईतच झाली, आणि ती सुताच्या नंबरावरून. नंबर म्हणजे एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस लडी बसल्या तर वीस नंबर, तीस बसल्या तर तीस. नंबर जितका चढा तितकं सूत बारीक. १८७९ मध्ये सरकारनं ठरवलं की ज्या सुती मालात तीस नंबरापेक्षा बारीक सूत नाही त्याच्यावर आयात जकात नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना हवी होती ती हीच वाट. १८८२ मध्ये सुती मालावरची आयात जकात पूर्णच गेली. १८९४च्या शेवटी तिजोरीची ओढाताण झाली म्हणून ती पाच टक्क्यांनी परत आली, पण त्याबरोबर हिंदुस्थानी गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या सुतावरही पाच टक्के अबकारी कर बसला. परदेशी मालावर घेतलेलं देशी मालाकडूनही वसूल करायचं, असा तो न्याय होता.

वीस नंबर आणि बावीस नंबर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सूत उकलून, मोजून, तोलून बघावं लागतं, आणि तोलायचं तर आधी खळ धुऊन काढावी लागते. खळीचा तर निराळाच घोळ होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाची टंचाई पडली तेव्हापासून लँकेशायरच्या गिरण्या खळीत चिनी माती सढळ हातानं घालू लागल्या होत्या. ताग्याला वजन यायचं, पहिल्या धुण्यात माती निघून जायची आणि गिऱ्हाइकाच्या हाती विरविरीत कापड उरायचं. कापड संपून भर कुठे सुरू होते हा प्रश्न, आजच्या टॅरिफमध्ये आला त्याच्या किती तरी आधी, आपल्या घराघरांतल्या धुण्याच्या दगडावर आलेला होता.

नंबराची कटकट १८९६ मध्ये संपली, पण अन्याय संपला नाही. सूत मोकळं झालं, आणि गिरणीत विणलेल्या कापडावर, परदेशी असो वा देशी, सरसकट साडेतीन टक्के बसले. टिळकांनी ‘केसरी’तून त्यावर झोड उठवली आणि परदेशी कापडावर बहिष्काराची हाक दिली. वंगभंगाच्या आधी नऊ वर्षं स्वदेशीची ठिणगी पडली ती या करामुळे. देशी कापडावरच्या या कराची वसुली डिसेंबर १९२५ मध्ये थांबली आणि पुढच्या वर्षी कायदाच रद्द झाला.

तोवर कापडावर चढणारे थर वाढले होते. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं रबर नॅफ्थात विरघळवून दोन कापडांच्या मधे बसवण्याचं पेटंट घेतलं. आज रबरी कापडांना ५९०६ हे हेडिंग आहे. १८२०च्या दशकात लंडनच्या आर्किबाल्ड लेटननं खळ भरून, दाबून कडक केलेलं कापड पुस्तकांच्या बांधणीसाठी तयार केलं. पुस्तकांच्या पुठ्ठ्याचं कापड, नकाशाचं ट्रेसिंग क्लॉथ आणि चित्रकाराचा तयार कॅनव्हास आज ५९०१ मध्ये एकत्र नांदतात. रंगवलेले नाटकाचे पडदे ५९०७ मध्ये. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांसाठी जे महाल आणि उपवनं कापडावर उभी केली, त्यांच्या जातीच्या मालाला जगाच्या जकातीत स्वतंत्र जागा आहे, याचं मला अप्रूप वाटतं. धंदा आधी उभा राहिला आणि हेडिंग मागून आलं, असंच प्रत्येक वेळी झालं.

प्लास्टिकचं हेडिंग सगळ्यांत धाकटं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी बनणारं रेक्झीन म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेलं सुती कापड. गाड्यांच्या गाद्यांपासून वह्यांच्या पाठींपर्यंत ते पोचलं. म्हणून ब्रुसेल्सच्या जुन्या आंतरराष्ट्रीय जकात यादीतल्या ५९.०८ या हेडिंगमध्ये ‘सेल्युलोजपासूनचे पदार्थ किंवा इतर कृत्रिम प्लास्टिक’ अशी शब्दयोजना होती. आपल्या जुन्या अबकारी यादीत सुती कापडांच्या १९व्या नोंदीच्या तिसऱ्या भागात जवळजवळ तेच शब्द होते. पीव्हीसी आल्यावर नायट्रोसेल्युलोज मागे पडलं, तरी ही शब्दयोजना बरीच वर्षं टिकली.

पीव्हीसीनं एक नवा वाद आणला. भोर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात लेदर क्लॉथसारखा माल बनताना आधी कच्ची पीव्हीसी फिल्म तयार होई, आणि अबकारी खात्याचं म्हणणं होतं की ती फिल्मही स्वतंत्र माल, तिच्यावरही कर. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे नाकारलं. जी वस्तू त्या अवस्थेत बाजारात विकली जात नाही ती करपात्र माल नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. बाजारातला माणूस ज्याला माल म्हणतो तोच माल: हे तत्त्व आणि ‘डोळ्यांना दिसेल तोच थर’ हे तत्त्व मला सख्खी भावंडं वाटतात. दोन्हीत निवाडा व्यवहारातल्या माणसाच्या आवाक्यात राहतो.

आजची रचना आपल्याकडे दोन टप्प्यांत आली. कस्टम्स टॅरिफ कायदा १९७५चा. तो ऑगस्ट १९७६ पासून ब्रुसेल्सच्या यादीवर चालला. मग १९८३च्या आंतरराष्ट्रीय करारातली हार्मोनाइज्ड सिस्टिम आपण फेब्रुवारी १९८६ मध्येच स्वीकारली. जगात तो करार अमलात आला १ जानेवारी १९८८ला. त्यात ५९०३चे पोटभाग थराच्या जातीवर पडले: पीव्हीसी, पॉलियुरेथेन आणि इतर. आपण त्याखाली आणखी दोन आकडे जोडले, आणि त्या आठ आकडी यादीत सुती पाठीच्या नकली चामड्याला ५९०३ १० १० ही स्वतःची ओळ आहे.

एप्रिल २०११ पासून हेडिंग आधी आयातदारानंच ठरवून बिल ऑफ एंट्रीत लिहायचं असतं. पापडी, वालीव, गोखिवऱ्यातल्या छोट्या गाळेवाल्याला हे ओझं वाटतं, आणि ते आहेच. चुकलं तर फरकाची रक्कम, व्याज आणि वर दंड. पण निदान या एका मालात त्याला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मागवण्याआधी नमुना घ्यावा, कात्रीनं तिरपा छेद द्यावा आणि कडेला धाग्यांपासून वेगळा असा थर दिसतो का ते दिवसाच्या उजेडात बघावं. फक्त चकाकी किंवा रंगाची छटा दिसत असेल तर तो ५२व्या चॅप्टरचाच माल समजावा. तरीही शंका उरली तर माल येण्याआधीच मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जानेवारी २०२१ पासून ते काम करतं आहे, आणि त्याचा निर्णय, कायदा किंवा माल बदलला नाही तर, ठरावीक मुदतीपर्यंत लागू राहतो.